चरा, टवका की तडा? नव्या घरातल्या बाथटबविषयी

माझ्या ताईनं पुण्यात बाणेरला फ्लॅट घेतला. ताबा घ्यायच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी बघून झाली आणि शेवटी आम्ही मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये गेलो. तिथं टब होता. भावोजींची कंबर वर्षानुवर्षं धरलेली असते. गरम पाण्यात पडून राहिलं की त्यांना बरं वाटतं, म्हणून हा टब त्यांना हवाच होता. टबावर निळी फिल्म तशीच चिकटलेली होती आणि फिल्मवर सिमेंटचे वाळलेले शिंतोडे होते. "फिल्म राहू दे मॅडम, इंटिरियर होईपर्यंत टब सुरक्षित राहील," साइट इंजिनिअर म्हणाला. बोलणं पटण्यासारखं होतं. तरी ताईनं एक कोपरा सोलला, मग दुसरा. पाणी जायच्या जाळीपासून निघालेली, वीतभर लांबीची एक बारीक काळी रेघ दिसली.

"केस असेल," इंजिनिअर वाकून म्हणाला. ताईनं रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं.

त्या रेघेपायी पुढचे तीन महिने आम्ही प्लंबर, बिल्डरचं ऑफिस आणि कायद्याची कलमं यांच्यात काढले. तेव्हा जे उमगलं ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर फार मनस्ताप वाचला असता, म्हणून हे लिहिते आहे.

टबावर काही दिसलं की आपण सरसकट "टब खराब आहे" म्हणतो. तक्रारही तशीच करतो आणि तिथंच गाडं अडतं. आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्ही इथे नेमके लागू पडतात. चरा म्हणजे वरवरचा ओरखडा. टवका म्हणजे वरचा थर उडून आतलं दिसायला लागणं. तडा म्हणजे टबाचं अंगच फाटणं. चरा ही कातडीची दुखापत, तडा ही हाडाची. दोन्हींचा इलाज वेगळा, निकड वेगळी आणि बिल्डरकडे करायची मागणीही वेगळी. टवका कुठल्या बाजूला जातो हे टब कशाचा आहे त्यावर ठरतं.

टब कशाचा आहे हे ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. चिकटलं तर टब पत्र्याचा किंवा बिडाचा, वर एनॅमलचा मुलामा. एनॅमल म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काचच. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जॉन मायकल कोहलर यांनी 1883 मध्ये बिडाच्या एका हौदाला असा मुलामा दिला आणि त्याला पाय जोडून टब म्हणून विकला, इतकी ही जात जुनी आहे. काच टणक असते, तिच्यावर सहजी चरा पडत नाही. पण वरून पाना पडला तर टवका उडतो, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पाणी लागलं की गंजतं. गंज कडेनं मुलाम्याखाली शिरत जातो. त्यामुळे अशा टबाचा टवका कितीही लहान असला तरी तो थांबवून ठेवायचा नाही.

चुंबक चिकटलं नाही तर टब बहुधा ॲक्रिलिकचा असतो. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये जास्त करून हाच दिसतो. ॲक्रिलिकचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून साच्यावर ओढतात आणि मागून फायबरग्लासचा थर देतात. रंग पत्र्याच्या पूर्ण जाडीत असतो, त्यामुळे चरा घासून काढला तरी खालून तोच पांढरा रंग येतो. स्वस्तातला टब नुसत्या फायबरचा असतो. त्यावर जेलकोट नावाचा रंगीत थर असतो आणि तो फारच पातळ असतो. जोरात घासलं की थर संपतो आणि फायबरचे धागे दिसू लागतात. म्हणून "घासून देतो" हे वाक्य ॲक्रिलिकला चालतं, फायबरला जपूनच, आणि एनॅमलला मुळीच चालत नाही.

नव्या, कुणी न वापरलेल्या टबाला हे सगळं होतंच कसं, असा प्रश्न ताईलाही पडला होता. कारण बांधकामाच्या क्रमात आहे. टबाची कड भिंतीच्या टाइल्सखाली जायची असल्यानं टब आधी बसतो आणि टाइल्स नंतर लागतात. मग टाइल लावणारा मिस्त्री उभा कुठे राहणार? टबातच. त्याच्याबरोबर मसाल्याचं घमेलं, थापी, कटर, कधी घोडी, आणि तळव्यात खडी रुतलेले बूट. वर पीओपीचं काम निघालं की पुन्हा तेच. शेवटी साफसफाईला बाया येतात. त्यांच्या हातात सिमेंट खरवडायला पत्रा आणि डाग काढायला ऍसिड. पत्र्यानं चरे पडतात आणि ऍसिडच्या वाफेनं जाळीचं आणि नळाचं क्रोम काळवंडतं. बाथरूममधलं क्रोम काळं पडलेलं दिसलं तर तिथं ऍसिड फिरलेलं आहे असं समजा आणि टब दुप्पट बारकाईनं बघा. या माणसांना मी दोष देत नाही. टबावर प्लाय आणि फोम टाकून द्यायचं काम त्यांच्या वरच्याचं होतं आणि ते झालेलं नसतं.

तडा मात्र बहुतेक वेळा खालून येतो. कंपनी टबाबरोबर बसवण्याच्या सूचना देते. काही टबांना पायांची लोखंडी चौकट असते, काहींच्या बुडाखाली मसाल्याची गादी घालायला सांगितलेली असते. घाईत हे टाळतात आणि टब नुसता कडेच्या विटांच्या बांधकामावर टेकवून ठेवतात. बुडाखाली पोकळी राहते. पावणेदोन मीटर लांबीच्या टबात दीडशे ते अडीचशे लिटर पाणी मावतं. त्यात माणूस बसला की दोनशे किलोहून अधिक भार त्या बुडावर येतो. आधार नसलेलं बूड दर वेळी थोडं लवतं आणि शेवटी सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे जाळीसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला, तडकतं. ताईच्या टबाची रेघ नेमकी तिथूनच निघाली होती.

म्हणून ताबा घेताना टबाची तपासणी फिल्म काढूनच करायची. फिल्म महिनोन्महिने राहिली तर तिचा गोंदही टबाला धरतो, म्हणजे ती ठेवण्यात टबाचं भलं नाही. दिवे बंद करून मोबाइलची बॅटरी टबाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी फिरवा. समोरून प्रकाश टाकला तर चरा दिसत नाही, आडव्या प्रकाशात त्याची सावली पडते. जिथं रेघ दिसेल तिथं नख फिरवा. नख सरळ निघून गेलं तर चरा, अडकलं तर खोल चरा किंवा तडा. शाई किंवा रंगीत पाणी टाकून तडा शोधायचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. रंग तड्यात जाऊन बसतो आणि पुढे दुरुस्ती केली तरी ती जागा कायम उठून दिसते.

मग पायातलं काढून, तळवे धुऊन टबात उभं राहायचं. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकायचं. बूड दबतंय का, कुरकुरतंय का ते ऐकायचं. त्याच वेळी दुसऱ्या माणसानं टबाची कड आणि टाइल यांच्यामधल्या जोडावर नजर ठेवायची. वजन टाकल्यावर जोड उघडत असेल तर टबाला खालून आधार नाही. बुडावर ठिकठिकाणी बोटाच्या पेरानं ठोकूनही पाहता येतं. मात्र पायांच्या चौकटीवरचा टब सगळीकडे थोडा पोकळ वाजतोच, त्यामुळे आवाजापेक्षा हालचालीवर भरवसा ठेवा.

पाण्याची चाचणी सगळ्यात शेवटी, आणि ती एकदाच पण नीट करायची. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं धरून पाण्याच्या योजना आखतात. एक टब भरला की एका माणसाचं दिवसाहून अधिकचं पाणी त्यात गेलं, ही जाणीव असू द्या. टबाभोवतीची फरशी आधी कोरडी पुसून घ्या. जाळी बंद करून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत पाणी भरा आणि पातळीवर चिकटपट्टीची खूण लावा. थोडं जास्त पाणी सोडून ओव्हरफ्लोमधून जाऊ द्या, कारण तिथलं रबरी वायसर नीट बसलेलं नसेल तर गळती फक्त तेव्हाच दिसते. एक पूर्ण दिवस पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी बघा, फरशी बघा, आणि शक्य असेल तर खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छतही बघा. मग जाळी एकदम उघडा. पाणी जोरात जात असताना वेस्ट कपलिंग आणि ट्रॅप यांचा जोड गळतो का ते कळतं. भरलेला टब स्थिर असताना कोरडा आणि रिकामा होताना गळणारा, असं पुष्कळदा असतं. शेवटी तळाशी तळं साचून राहत नाही ना, तेही बघून घ्या.

गळती सापडली तर दुरुस्तीला एक गोष्ट लागेल, जी आपल्याकडच्या निम्म्या बाथरूममध्ये करायचीच राहून गेलेली मला दिसते. टबाच्या कडेच्या बांधकामात, जाळीच्या बाजूला, हात आणि पाना जाईल एवढं फूटभराचं उघडं दार हवं. टाइल लावलेलं, ओढून काढता येणारं झाकण असलं तरी चालतं. ते नसेल तर वायसर बदलायलाही टाइल्स फोडाव्या लागतात. जेट आणि पंप असलेला टब असेल तर पंपापर्यंत वाट असलीच पाहिजे. त्याच्या वीजजोडणीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतल्याशिवाय त्यात पाणी भरूच नका. ताईच्या टबाला असं दार नव्हतं. तड्याची तक्रार लिहिताना दाराची मागणीही तिनं त्यातच घातली आणि ते फार शहाणपणाचं झालं.

ताबापत्रावर बहुधा छापील वाक्य असतं की फ्लॅट आणि त्यातल्या सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या. टब न बघता खाली सही केली तर पुढे "हा चरा तुमच्या सुताराने पाडला" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि ते खोटं पाडायला आपल्याकडे काही नसतं. सही करायला हरकत नाही, पण सहीच्या वर हातानं लिहा: "सोबतच्या यादीतील त्रुटी वगळून." यादीची एक प्रत त्यांच्या माणसाची सही आणि तारीख घेऊन स्वतःकडे ठेवा. फोटो काढताना तड्याशेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढे तो वाढला तर दाखवता येईल. त्याच दिवशी ईमेल करा. ताईनं पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

"आमच्या फ्लॅटमधील मोठ्या बेडरूमच्या बाथटबाला, पाण्याच्या जाळीपासून भिंतीच्या बाजूला, सुमारे 20 सेंटिमीटर लांबीचा तडा आहे. टबात उभे राहिल्यास बूड दबते. आज ताबा घेताना हे आपल्या साइट इंजिनिअरांना दाखवले. फोटो व चित्रफीत जोडली आहे. टब वापरलेला नाही. टबाच्या प्लंबिंगपर्यंत पोहोचण्यासाठी दारही ठेवलेले नाही. यावर काय काम करणार, कोण करणार, किती दिवसांत करणार आणि त्या कामानंतर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची राहील, हे कृपया लेखी कळवावे. टबाच्या कंपनीचे नाव, मॉडेल क्रमांक, बिलाची प्रत व वॉरंटी कार्डही द्यावे."

या मजकुरात "टब बदलून द्या" असं म्हटलेलं नाही, ते मुद्दाम. आधी दोष काय आहे ते नोंदवायचं, उपाय त्यांना सुचवू द्यायचा आणि मग तो पुरेसा आहे का ते तपासायचं.

बिल्डर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी म्हणते बसवणाऱ्यानं चूक केली, बसवणारा ठेकेदार म्हणतो टाइलवाल्यानं फोडला. या फेऱ्यात तुम्ही शिरू नका. तुमचा करार बिल्डरशी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याचं कलम 14(3) सांगतं की ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांतला दोष निदर्शनास आणून दिला तर तो 30 दिवसांत, वेगळा पैसा न घेता दुरुस्त करणं ही विकासकाची जबाबदारी आहे. ते झालं नाही तर खरेदीदाराला नुकसानभरपाई मागता येते. आधाराविना बसवलेला टब हा कारागिरीचा दोष आहे. करारात एका दर्जाचा टब लिहिलेला असताना दुसराच बसवला असेल तर कलम 14(2) बघा. ठरलेल्या वस्तू आणि सोयी तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. म्हणून कराराला जोडलेलं वस्तूंच्या तपशिलाचं परिशिष्ट ताब्याच्या दिवशी बरोबर न्या.

याच कायद्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. ताब्यानंतर तुमच्या घरच्यांकडून पडलेला चरा हा त्यात येत नाही. शिवाय बऱ्याच करारांत अट असते की खरेदीदारानं बाथरूममध्ये तोडफोड केली तर दोषदुरुस्तीची हमी संपते. त्यामुळे टबाचा निकाल लागेपर्यंत इंटिरियरवाल्याला त्या बाथरूमची चावी देऊ नका. रंगारी टबात ब्रश धुतात, आणि थिनर किंवा ॲसिटोन ॲक्रिलिकवर सांडला तर चकाकी जाऊन कायमचा धुरकट डाग पडतो. मग मूळ दोष कुणाचा आणि नंतरचा कुणाचा, हे सांगणं अवघड होतं.

रागाच्या भरात शेवटचा हप्ता अडवून धरायचाही विचार येतो. ताईच्याही मनात आला होता. महाराष्ट्रातल्या नमुना करारात शेवटची रक्कम ताब्याशी जोडलेली असते आणि उशीर केला तर व्याज तुमच्यावर चढतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून 2 महिन्यांत ताबा घ्यावा असंही कलम 19 मध्ये आहे. एका टबासाठी घराचा ताबा लांबवणं मला तरी योग्य वाटत नाही. पैसे भरा, पण त्याच दिवसाच्या ईमेलमध्ये दोषांची यादी कायम ठेवून रक्कम भरत असल्याचं लिहा.

महिना उलटून काहीच हाललं नाही, तर महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं. तिथं दोन्ही बाजूंच्या संमतीनं तडजोड घडवतात. त्यापुढे महारेराकडे रीतसर तक्रार करता येते. ग्राहक आयोगाची वाटही आहे, मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तिथं साधारण 2 वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आधी फिरवून बघायला काहीच हरकत नाही. आमच्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही. तारीख, फोटो आणि कलम असलेल्या दुसऱ्या ईमेलनंतर बिल्डरचा माणूस तिसऱ्या दिवशी दारात होता.

आता मुख्य प्रश्न: दुरुस्ती घ्यायची की टबच बदलून मागायचा? नव्या घरात नवीच वस्तू हवी, हा आग्रह अगदी रास्त आहे. एवढे पैसे मोजून ठिगळ का घ्यायचं? पण बांधकामात बसलेला टब काढणं म्हणजे फर्निचर बदलणं नव्हे. कडेच्या टाइल्स फुटतात, विटा निघतात, भिंतीचं आणि खालच्या खोलगट स्लॅबचं वॉटरप्रूफिंग दुखावलं जाऊ शकतं. त्याच शेडच्या टाइल्स पुन्हा मिळतील याचा भरवसा नसतो. ताईच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या टबाच्या कडेवर दोन चरे होते, टब बाकी ठणठणीत. त्यांनी हट्टानं टब बदलून घेतला. काम करणाऱ्यांनी वॉटरप्रूफिंगला वरवर हात फिरवला आणि पावसाळ्याआधीच ताईच्या बाथरूमच्या छताला ओल आली. काकूंची मागणी चुकीची नव्हती, पण दोन चऱ्यांच्या बदल्यात त्यांना गळती मिळाली आणि तीही शेजाऱ्याच्या घरात.

म्हणून माझं मत असं: चरा असेल तर दुरुस्ती घ्या आणि निश्चिंत व्हा. कडेवरचा, पाण्याबाहेरचा टवकाही दुरुस्तीवर सोडवा. पण पाण्याखालचा, पायाखालचा किंवा जाळीजवळचा तडा असेल आणि बूड दबत असेल तर वरून भरलेलं ठिगळ स्वीकारू नका. ते काही महिने छान दिसेल, पण खालची पोकळी तशीच असल्यानं बूड पुन्हा लवेल आणि ठिगळाच्या शेजारून तडा नव्यानं चालू लागेल.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत पूर्वी घंगाळाला पोचा आला की ठोकून सरळ करून मिळायचं. धातू वाकतो, परत येतो. ॲक्रिलिक तसं नाही. तडकलं की त्याला खालूनच आधार द्यावा लागतो. चांगला कारागीर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडतो, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूनं फायबरग्लासची चटई रेझिनमध्ये भिजवून बसवतो, पोकळीत आधार भरतो आणि शेवटी वरून रंग जुळवून भरतो. हे सगळं करायचं तर मागच्या बाजूला पोहोचायला हवं. म्हणजे पुन्हा ते दारच. दार नसेल आणि वरूनच "भरून देतो" म्हणत असतील, तर ते काम अर्धंच होणार आहे.

ॲक्रिलिकवरचा चरा काढणं त्या मानानं सोपं. पाणी मारत वॉटर पेपरनं घासतात, आधी 800 नंबर, मग 1200, मग 2000, आणि शेवटी पॉलिशचं कंपाउंड मऊ कापडानं फिरवतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून दाखवायला सांगा. थेट खडबडीत पेपर घेऊन बसणाऱ्याला तिथंच थांबवा. एनॅमलच्या टवक्यावर आधी गंज पूर्ण काढून, जागा कोरडी करून इपॉक्सीचा भराव देतात. तो मूळ काचेइतका टणक होत नाही आणि नीट बघितलं तर कळतो. हे आधीच मान्य करून घ्यावं लागतं. कुठलीही दुरुस्ती असो, काम पसंत पडलं नाही किंवा ठरावीक मुदतीत उखडलं तर पुढे काय, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

ताईच्या टबाचा निकाल बदलण्याकडे लागला. तेव्हा तिनं तीन गोष्टी लिहून घेतल्या. टब काढल्यावर मोकळ्या जागेत पाणी तुंबवून वॉटरप्रूफिंगची चाचणी तिच्यासमोर होईल, नवा टब कंपनीच्या सूचनेप्रमाणे आधार देऊनच बसेल, आणि दार ठेवलं जाईल. फुटलेल्या टाइल्सच्या जागी त्याच शेडच्या मिळाल्या नाहीत, तेव्हा टबाच्या बाजूची पूर्ण भिंत नव्यानं करून द्यायला बिल्डर तयार झाला. हा मुद्दाही आधीच काढलेला बरा, नाहीतर पांढऱ्या भिंतीत पिवळसर पट्टा राहतो.

बदलायचाच आहे तर बिडाचा किंवा दगडी टब घेऊ, असा मोह होऊ शकतो. बिडाचा टब नुसता रिकामाच शंभर किलोच्या वर जातो. भारतीय मानक 875 मध्ये राहत्या घरातल्या बाथरूमसाठी चल भार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो धरलेला आहे. पाणी आणि माणूस यांच्यासकट जड टब त्याच्या पुढे जाऊ शकतो. इमारतीच्या आरसीसी सल्लागाराच्या लेखी संमतीशिवाय हा बदल करू नका.

बंगला बांधणारे स्वतः टब आणतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. टेम्पोतून उतरवल्यावर लगेच खोका उघडा. चलनावर सही करताना "तपासून घेतला" किंवा "कडेला टवका आहे" असं जे असेल ते लिहा. खोका फेकू नका, तोच पुढे उपयोगी पडतो. टब बसला की त्यावर आधी फोम, मग कापून घेतलेला प्लाय टाका. सिमेंटची पोती टाकू नका, पोत्यातली पूडच चरे पाडते. आणि टाइल मिस्त्रीला पहिल्या दिवशी स्वतः भेटून टबात उभं राहायची वेळ आली तर काय करायचं ते समजावा. नीट बोललं की माणसं जपतात.

बसवण्याचं शेवटचं काम म्हणजे टब आणि भिंत यांच्यातला जोड. आपल्याकडे तो पांढऱ्या सिमेंटनं भरायची सवय आहे. टब भरला की किंचित खाली बसतो, रिकामा झाला की वर येतो, आणि सिमेंटला ही हालचाल सोसत नाही. जोडाला केसासारख्या फटी पडतात आणि पाणी टबामागे उतरत राहतं. तिथं बुरशीरोधक सिलिकॉनच हवं. तेही रिकाम्या टबाला लावायचं नाही. टब पाण्यानं भरायचा, तो बसायचा तेवढा खाली बसू द्यायचा, मग कोरड्या केलेल्या जोडात सिलिकॉन भरायचं आणि पूर्ण एक दिवस पाणी तसंच ठेवायचं. म्हणजे जोड सगळ्यात जास्त ताणलेला असताना सिलिकॉन घट्ट होतं आणि नंतर फक्त दबतं, फाटत नाही.

ताईच्या प्लंबरला हे सांगितलं तेव्हा त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग मुकाट्यानं नळ सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सोडून दिलं, दारातून बॅटरी टाकून आतली जागा बघितली. कोरडी होती. ताईनं त्या कोरड्या कोपऱ्याचा तारखेसह फोटो काढला आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत टबाच्या वॉरंटी कार्डामागे लावून ठेवला. दर चार महिन्यांनी ती ते दार उघडते, आत हात घालून बघते आणि पुन्हा बंद करते.